पेशी देणाऱ्याचं काय?

आजारी माणसाला आपल्या अंगातल्या, रक्त घडवणाऱ्या पेशी द्यायच्या, या विषयात मराठीने आधीच एक घोळ घालून ठेवला आहे. हाडांच्या पोकळीत असतो तो मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा, आणि मणक्यांच्या आतून खाली उतरते ती नसांची दोरी म्हणजे मज्जारज्जू. दोन्हींत ‘मज्जा’. त्यामुळे ‘बोनमॅरो द्यायचा आहे’ असं नुसतं म्हटलं, तरी घरातलं एखादं मोठं माणूस हमखास दचकतं : ‘मणक्यात सुई? पोरगी आयुष्यभर लंगडत बसली तर?’ तर ते आधीच मिटवून टाकू. पेशी देताना मज्जारज्जूला कुणी हात लावत नाही. सुई टोचलीच तर ती कमरेच्या मागच्या हाडाला, साडीची निरी खोचतो त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, जिथे हात टेकवून आपण ‘आई गं’ म्हणतो तिथे.

गेल्या महिन्यात नागपुरातल्या नंदनवनातून एका बाईंचा फोन आला. मुलगा सहा वर्षांचा, सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या जन्मजात आजाराचा पेशंट. मुलगी अकरा वर्षांची, आणि तिचं सगळं त्याच्याशी जुळलं होतं. घरात पेढे वाटून झाले होते. मुलाचं काय होणार हे डॉक्टरांनी दोन तास बसवून समजावलेलं होतं, त्याबद्दल त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ताई, पोरीला तर काही नाही ना होणार? घरात हे विचारायची लाज वाटून राहिली मले.’

मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवते, आणि २०१९ साली मी माझ्या दादाला मूळपेशी दिल्या. तेव्हापासून माझा नंबर या त्या मार्गाने फिरत असतो. फोन करणारे सगळे शेवटी हाच प्रश्न विचारतात, आणि सगळे हळू आवाजातच विचारतात. म्हणून इथे जरा मोठ्याने लिहिते.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. म्हणजे शरीराला रोज नवं रक्त घडवावंच लागतं, आणि ते घडतं अस्थिमज्जेत. तिथे थोड्याशा मूळपेशी असतात. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळ्यांची आई तीच. तिची खुबी अशी की ती दुसऱ्या पेशी तर घडवतेच, शिवाय स्वतःसारखीही घडवते. जिवंत झऱ्याच्या विहिरीवर मोटर लावली तर पाणी खाली जातं, पण दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा तिथेच, तसं. किडनी दिली की एक कायमची गेली. इथे दिलेलं काही आठवड्यांत भरून येतं. दाता धडधाकट राहतो याचं मूळ कारण हेच.

जुळणीचं थोडक्यात सांगते. रक्तगट जुळावा लागत नाही. जुळावी लागतात ती पेशींवरची एचएलए नावाची खुणेची प्रथिनं, ज्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात कुणी जुळलं नाही तर नोंदणी संस्था असतात. भारतातली ‘दात्री’ २००९ पासून काम करते, आणि जगभरच्या नोंदण्या मिळून चार कोटींच्या वर दाते आहेत. आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, म्हणजे आईवडीलसुद्धा देऊ शकतात. त्यामुळे दाता म्हणजे वीस वर्षांचा धट्टाकट्टा तरुण हे चित्र राहिलेलं नाही. पन्नाशीची, बीपीची गोळी घेणारी आईही दाता असते, आणि तिची तपासणी जास्त बारकाईने व्हायला हवी.

पेशी काढायच्या पद्धती दोन. माझी झाली ती रक्तातून काढण्याची.

मूळपेशी एरवी हाडातून बाहेर फारशा फिरकत नाहीत. त्यांना रक्तात आणायला फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन देतात, चार-पाच दिवस, रोज, किलोमागे दहा मायक्रोग्रॅम. माझं वजन ५४, म्हणून रोज ३०० च्या दोन सुया, पोटाच्या कातडीत. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत पोळ्या लाटत होते आणि कमरेत ठणका सुरू झाला. दुखत होतं म्हणण्यापेक्षा आतून ठोकल्यासारखं वाटत होतं, नाडीच्या ठोक्याबरोबर. मग मांड्या, बरगड्या, अगदी कवटीसुद्धा. चौथ्या दिवशी खोकायची भीती वाटत होती. आश्चर्य याचं वाटलं की हे बहुतेक सगळ्यांना होतं. हाडं दुखणं, डोकं दुखणं, फ्लू आल्यासारखी मरगळ. मज्जेचा कारखाना दुप्पट पाळीत चालतो, तर आवाज होणारच. साध्या पॅरासिटामॉलने बऱ्यापैकी भागतं आणि शेवटच्या सुईनंतर काही दिवसांत ठणका जातो. पण ‘होणार’ हे आधी माहीत असणं आणि रात्री दोन वाजता एकटीने शोधून काढणं यात फरक आहे. मला सांगितलं होतं, ‘थोडं अंग दुखेल.’ बायकांना आणि वजन जास्त असलेल्यांना हे दुखणं जास्त होतं, हेही मी नंतर वाचलं.

त्या दिवसांत रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी चाळीस-पन्नास हजारांवर गेलेल्या दिसतात, एरवी चार ते अकरा हजार असतात. रिपोर्ट बघून घाबरू नका, औषधाचं काम तेच आहे. पोटात डावीकडे असते ती प्लीहाही थोडी सुजते. ती फुटण्याचे प्रकार फारच विरळा, पण झालेले आहेत, म्हणून त्या आठवड्यात धक्काबुक्कीचे खेळ आणि जड सामान उचलणं बंद. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात कळ आली तर पॅरासिटामॉल घेऊन झोपून जायचं नाही, सरळ डॉक्टरला सांगायचं.

पाचव्या दिवशी मशीन. एका हातातून रक्त निघतं, मशीन त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास. दोन्ही हात अडकलेले, म्हणून नाक खाजवायलाही माणूस लागतो, आणि लघवीचा प्रश्न कुणी आधी बोलत नाही तो येतोच. सकाळी चहा कमी प्या, एवढाच माझा सल्ला. मधेच ओठ मुंग्या आल्यासारखे झाले, मग बोटांची टोकं. रक्त नळीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात आणि ते रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं बांधून ठेवतं. नर्सने कॅल्शियमची गोळी दिली, वेग कमी केला, मुंग्या गेल्या. सांगायला लाजू नका. न सांगता सोसलं तर हातपाय आखडण्यापर्यंत जातं.

ज्यांच्या हाताच्या नसा बारीक, त्यांना मानेत किंवा जांघेत जाड नळी घालावी लागते. हे बायकांच्या वाट्याला जास्त येतं, आणि गुंतागुंत व्हायची झाली तर पुष्कळदा त्या नळीमुळेच होते. म्हणून आधीच्या तपासणीत ‘माझ्या हाताच्या नसा चालतील का’ हे विचारायचंच.

किती पेशी लागणार हे घेणाऱ्याच्या वजनावर ठरतं. दादा ८२ किलोचा, मी ५४ ची. पहिल्या दिवशी पुरल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. पिशवीत दिसलं ते टोमॅटोच्या साराच्या रंगाचं काहीतरी, वाटीदीडवाटी. एवढ्यासाठी एवढं रामायण!

दुसरी पद्धत जुनी, थेट हाडातून. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ, म्हणून इथे तीच जास्त कामाची, तेव्हा तिच्याबद्दल नीट सांगते. सिकलसेल, थॅलेसेमिया अशा रक्ताच्या जन्मजात आजारांत, विशेषतः लहान मुलांत, डॉक्टर मज्जा पसंत करतात. रक्तातून काढलेल्या पेशींबरोबर दात्याच्या लढाऊ टी-पेशी जास्त जातात आणि त्या घेणाऱ्याच्या शरीरावर उलटू शकतात. कर्करोगात त्या लढाईचा थोडा फायदाही असतो. सिकलसेलमध्ये फायदा काहीच नाही, नुसता त्रास.

यात दात्याला पूर्ण भूल देतात. पालथं झोपवून कमरेच्या मागच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी सुईने मज्जा ओढतात. कातडीला दोन-चार बारीक छिद्रं, हाडावर मात्र आतल्या आत बरेचदा टोचलेलं. चिरफाड नाही, टाके नाहीत. दात्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिलीटर ही वरची मर्यादा. तीस किलोच्या मुलीचे जास्तीत जास्त ६०० मिलिलीटर, आणि घेणारा लहान असेल तर एवढे लागतही नाहीत. रात्रभर हॉस्पिटल, नंतर कंबर दुखणं, घशात नळी घातल्याने घसा खवखवणं, थकवा. रक्तातून देणारा साधारण आठवड्याभरात पूर्ववत होतो, मज्जा देणाऱ्याला तीन आठवडे धरा. हिमोग्लोबिन खाली जातं म्हणून लोहाच्या गोळ्या. त्या नेमाने घ्यायच्या, कारण आपल्याकडे पुष्कळ मुली मुळातच नऊ-दहावर असतात. खरं म्हणजे ते आधी वर आणून मगच तारीख घ्यावी.

आता तो मोठा प्रश्न. जीव जाऊ शकतो का? खोटं बोलणार नाही. युरोपातल्या प्रत्यारोपण केंद्रांनी १९९३ ते २००५ या काळातले ५१ हजारांहून जास्त दाते तपासले. त्यात पाच दाते दगावले, एक मज्जा दिल्यावर, चार रक्तातून दिल्यावर. गंभीर गुंतागुंत ३७ जणांना झाली. म्हणजे दहा हजारांत एकाच्या आसपास मृत्यू. धोका शून्य नाही, फार थोडा आहे, आणि नीट तपासणी केली तर आणखी कमी होतो. इंजेक्शनमुळे दात्याला पुढे रक्ताचा कर्करोग होतो का, हाही नेहमीचा प्रश्न. त्याच पाहणीत असे रुग्ण सापडले, पण एरवी लोकसंख्येत अपेक्षित असतात त्याहून जास्त नाहीत. मूल होण्यावर, लग्नावर, ताकदीवर कायमचा परिणाम नाही. ‘पोरीच्या लग्नात सांगायचं का?’ हेही मला विचारून झालंय. माझं उत्तर : अभिमानाने सांगा, आणि सोयरीक त्यावरून मोडली तर बरंच झालं.

नागपूरकरांनी एक गोष्ट गाठ बांधून ठेवावी. दात्याची सिकलसेल तपासणी नुसत्या सॉल्युबिलिटी टेस्टवर सोडू नका. ती चाचणी ‘सिकल आहे’ एवढंच सांगते. वाहक, म्हणजे एएस, की रोगी, म्हणजे एसएस, हे सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. एएस भावंड पेशी देऊ शकतं, घेणारा मग वाहक होतो, रोगी राहत नाही. पण एसएस माणसाला ते फिलग्रास्टिम दिलं तर जिवावर बेतू शकतं. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, गावोगाव तपासण्या होतात, तेव्हा घरात जुना रिपोर्ट असेल तर तो फाइलला लावा आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या.

शरीराचं इथवर. आता जे कुणी कागदावर लिहून देत नाही ते.

माझी फाइल नव्हती. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात माझे सगळे रिपोर्ट दादाच्या फाइलच्या मागच्या खिशात, आणि माझी ओळख ‘बेड बाराची डोनर’. माझी तपासणी करणारे डॉक्टर दादाचेच. चांगले होते बिचारे, पण त्यांचा पेशंट तिकडे मरणाच्या दारात आणि मी समोर ठणठणीत. माझ्या बीपीच्या दोन आकड्यांकडे ते कुठल्या डोळ्याने बघणार? म्हणूनच जगभरचे नियम सांगतात की दात्याला योग्य-अयोग्य ठरवणारा डॉक्टर रुग्णाचा डॉक्टर नसावा. आपल्याकडे सगळीकडे तसं होत नाही. तुम्ही मागा. आणि दात्याचे रिपोर्ट आधी दात्याला एकट्याला कळले पाहिजेत. कावीळ-बी किंवा एचआयव्ही निघाला, तर ते मामा-काकांच्या घोळक्यात कळायची गोष्ट नाही.

नोंदणीतला अनोळखी दाता नाही म्हणू शकतो, त्याला कुणी घरी येऊन रडून दाखवत नाही. बहीण कशी म्हणेल? मला कुणी विचारलंच नाही, ‘देशील का?’ आई म्हणाली, ‘तुझं जुळलं!’ आणि विषय संपला. मी हो म्हटलंच असतं. तरी विचारायला हवं होतं. यात एक वेळ फार महत्त्वाची. प्रत्यारोपणाच्या आठवडा-दहा दिवस आधी रुग्णाला जोरदार केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवतात. तोवर दाता मागे फिरू शकतो. त्यानंतर फिरला तर रुग्णाला परतीचा रस्ता नाही. दात्याशी मोकळं, एकांतात बोलणं व्हायचं ते या रेषेच्या पुष्कळ आधी.

मूल दाता असेल तर हे सगळं आणखी अवघड. सही आईवडिलांची, आणि तेच आईवडील आजारी मुलाचेही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये यावर लिहून ठेवलंय : तेवढ्याच तोडीचा प्रौढ दाता उपलब्ध नसावा, भावंडांत जिव्हाळा असावा, रुग्णाला फायदा होण्याची खरी शक्यता असावी, मुलाचा धोका शक्य तितका कमी केलेला असावा, आणि समजण्याच्या वयाचं असेल तर मुलाची स्वतःची संमती घ्यावी. शिवाय मुलाच्या बाजूने बोलणारा एक स्वतंत्र माणूस असावा. आपल्याकडे तो माणूस कुठून आणायचा? मी सांगते, घरातच शोधा. ज्या आत्याचा किंवा मावशीचा दात्या पोरीवर जीव आहे, तिला हॉस्पिटलात न्या आणि सांगा, तू आजारी बाळाकडे बघायचंच नाही, हिच्याकडे बघ. तिकडच्या एका अभ्यासात पेशी देणाऱ्या मुलांत चिंता आणि कमी आत्मविश्वास जास्त आढळला, तर न देणाऱ्या भावंडांचं शाळेतलं वागणं बिघडलेलं. म्हणजे घरातलं एक मूल आजारी पडलं की बाकीची सुटत नाहीतच.

आणि पेशी देऊन झाल्यावर? माझ्याच पेशी दादाच्या कातडीवर उलटल्या. हातापायांवर चट्टे, नंतर तोंडात फोड. डॉक्टर वहिनीला समजावताना म्हणाले, ‘बहिणीच्या पेशी याच्या शरीराला परकं समजताहेत.’ मी तिथेच उभी होते. वाक्य शास्त्राला धरून होतं, पण तीन महिने मला ते झोपू देत नव्हतं. आता तो बरा आहे. त्याचा रक्तगट बी होता, आता माझा ओ आहे, आणि रागावला की म्हणतो, ‘तुझंच रक्त उसळून राहिलं.’

त्याच वॉर्डात यवतमाळकडचा एक पोरगा होता, विशीतला. त्याने मोठ्या भावाला दिल्या. भाऊ चाळीस दिवसांनी गेला. सगळे वहिनीभोवती, आईभोवती. हा जिन्यात बसलेला. मला म्हणाला, ‘ताई, माझ्या पेशीतच दम नसन.’ तसं नसतं. प्रत्यारोपण फसतं ते संसर्गाने, मूळ आजार उलटल्याने, औषधांच्या भाराने. दात्याने चांगल्या किंवा वाईट पेशी ‘दिल्या’ असं काही नसतं. मी त्याला एवढं सांगितलं. त्याला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर त्याला कुणी फोन केला असेल असं मला वाटत नाही. दात्याची तपासणी काही वर्षं, निदान वर्षातून एकदा व्हावी असं म्हणतात. तिथे रक्ताबरोबर ‘झोप लागते का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

पैशांचं एकच. घरचा दाता असला की त्याची बिनपगारी रजा, प्रवास, गोळ्या हे कुणाच्याच हिशोबात नसतात. विमा असेल तर त्यात दात्याचा खर्च धरलाय का, हे दाखल होण्याआधी वाचा.

नंदनवनच्या बाईंना यातलं बरंचसं फोनवर सांगितलं. मग म्हटलं, पोरीला द्या जरा. तिने फोन घेतला आणि विचारलं, ‘मॅडम, मला किती दिवस शाळेत नाही जाता येणार?’ मी म्हटलं, दहा-बारा दिवस, आणि उड्या मारायला महिनाभर नाही. ती गप्प. मग म्हणाली, ‘डिसेंबरात गॅदरिंग आहे. मी लेझीममध्ये पुढच्या लाइनीत आहे.’

सिकलसेलचं प्रत्यारोपण दादासारखं धावपळीत होत नाही, तारीख ठरवून होतं. मी आईला तसं म्हटलं. पलीकडे पाच-सहा सेकंद शांतता, मागे कुकरची शिट्टी. मग त्या म्हणाल्या, ‘सोमवारी जाऊन राहिलो आम्ही डॉक्टरकडे. जानेवारीची मागून पाहतो.’